काडेपेटीतली नखं

प्रथिनांचा धडा सुरू झाला की पहिल्या दिवशी मी वर्गात नख जाळायचो. भंवरकुआंच्या चौकातल्या एका कोचिंग क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवतो आणि माझा तास दिवसातला शेवटचा असतो. तोपर्यंत मुलं भौतिक आणि रसायनाने पार पिळून निघालेली असतात. त्यांना जागं करायला मी ही युक्ती काढली. चिमट्यात नखाचा तुकडा धरून मेणबत्तीवर नेला की तो आकसतो, फुगतो, काळा पडतो, आणि पंख्याच्या वाऱ्याबरोबर वास शेवटच्या बाकापर्यंत जातो.

"सर, किसके बाल जल गए?" कोणीतरी ओरडायचंच.

मग मी फळ्याकडे वळायचो. केस जळो, नख जळो, कोंबडीचं पीस जळो, वास एकाच जातीचा. तिन्ही केरॅटिनचे. केरॅटिनच्या साखळ्या मळसूत्रासारख्या वळलेल्या असतात, त्या एकमेकींना पीळ घालतात, आणि जागोजागी गंधकाचे छोटे पूल त्यांना बांधून ठेवतात. नखात हे पूल खूप, म्हणून नख कडक. जळताना जो वास येतो तो या गंधकाचा. लोकांना वाटतं नख चुन्याने, म्हणजे कॅल्शियमने कडक होतं. तो नखात नावापुरता असतो. नख म्हणजे प्रोटीन, हे वाक्य मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून त्याखाली दोन रेघा ओढायचो. आणि शेवटी सांगायचो की जे आपण बाहेर पाहतो ते नख मेलेलं असतं. मुळाशी पेशी जन्मतात, केरॅटिनने भरत जातात, भरता भरता मरतात आणि मागच्या पेशी त्यांना पुढे ढकलतात. म्हणून कापताना दुखत नाही.

एवढं सगळं मला माहीत होतं, हे आधी सांगून ठेवतो. कारण पुढे जे लिहिणार आहे ते अजाण माणसाच्या हातून घडलं असतं तर गोष्ट वेगळी होती. माझ्या हातून घडलं, आणि ते माझ्या मुलीला सांगायचं धाडस मला दोन वर्षं झालं नाही.

जाळायची नखं घरून यायची. ती माझ्या बायकोची असायची. माझी नखं मी दातांनी कुरतडतो, त्यांतून चिमट्यात धरण्याजोगं काही निघत नाही. तिची नखं रुंद, छान वळणाची होती. धडा जवळ आला की मी सांगायचो आणि ती कापलेले तुकडे रिकाम्या काडेपेटीत घालून माझ्या डब्याशेजारी ठेवायची.

"लोक बायकोसाठी गजरा आणतात," ती म्हणायची, "आणि आमचे हे बायकोची नखं नेऊन जाळतात."

ती देपालपुरची. तिच्या मराठीत हिंदी आणि माळवी मिळूनमिसळून असायची आणि गल्लीतल्या सगळ्यांशी तिचं जमायचं. आमच्या शहरात कचरा वेगवेगळा द्यायची शिस्त लागली तेव्हा तिने पहिल्याच आठवड्यात कचऱ्याच्या गाडीवाल्याला अडवलं होतं.

"भिया, नाखून किस में डालूँ? गीले में कि सूखे में?"

"भाभीजी, नाखून का तो अभी ऊपर से कुछ आया नहीं."

मी गॅलरीतून खाली ओरडून सांगू लागलो की केरॅटिन सहजी कुजत नाही, त्यामुळे शास्त्रीयदृष्ट्या ते सुक्यातच जायला हवं. गाडीवाला म्हणाला, "साहब, गाड़ी आगे बढ़ाऊँ?" ती हसत हसत वर आली. मला तेव्हा वाटलं, आपल्या ज्ञानाचं घरात कोणाला काही नाही.

शहराजवळच्या राऊ गावात तिच्या भाच्याचा साखरपुडा होता. बायका हातावरची मेंदी एकमेकींना दाखवत बसल्या होत्या. माझ्या मेहुणीने हिचा हात धरला आणि म्हणाली, "अगं ताई, मेंदी रंगलीये पण नखं बघ कशी पांढरी फटक! काय हो भाऊजी, आमच्या ताईला पोटभर घालता की नाही?"

सगळ्या हसल्या. मलाही हसता आलं असतं. पण मी उठलो, बायकोचा हात मनगटाला धरून वर केला आणि वर्गात सांगतो तसं सांगायला लागलो. नख म्हणजे प्रोटीन. नख पांढरं, ठिसूळ, म्हणजे प्रोटीन कमी. ही सकाळी पोहे खाते, दुपारी वरणभात खाते, रात्री उरलेलं खाते, मग नखं अशीच होणार. घालण्याचा प्रश्न नाही, खाण्याचा प्रश्न आहे. मी बोलत होतो आणि तिचा हात वर धरलेलाच होता. तिने एकदा सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. मी बोटाने दाखवतच राहिलो.

परत येताना स्कूटरवर ती काही बोलली नाही. मला वाटलं थकली असेल.

दुसऱ्या दिवशी मी प्रोटीन पावडरचा मोठा डबा घेऊन आलो. चॉकलेटच्या वासाचा. रोज सकाळी दुधात दोन चमचे मीच ढवळायचो, कारण तिच्यावर सोडलं तर ती टाळेल अशी माझी खात्री होती. पेला तिच्यासमोर ठेवायचो आणि संपेपर्यंत स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहायचो. तिला ती चव आवडत नव्हती. नाक मुरडत घोट घोट प्यायची. मला तेव्हा स्वतःबद्दल फार चांगलं वाटायचं.

त्याच आठवड्यात तिने नेलपॉलिश लावायला सुरुवात केली. गडद मरून. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिने कधी लावलं नव्हतं. शनिवारी दुपारी मी कोचिंगला असताना जुनं पुसून नवं लावायची, त्यामुळे तिचं उघडं नख मी पुढे दीड वर्षं पाहिलंच नाही. त्या साली काडेपेटीतले तुकडे मरून रंगाचे निघाले. मी घरी येऊन चिडलो.

"अगं, पॉलिशवाली कशी चालतील? वास कशाचा येतोय ते मुलांना कसं कळणार?"

"बरं, पुढच्या वेळी साफ करून देईन," ती म्हणाली.

त्या दीड वर्षात तिचे पाय संध्याकाळी सुजायचे. जिने चढताना मधल्या कठड्यावर हात ठेवून थांबायची. अंगाला खाज सुटते म्हणायची, तर मी साबण बदलला. एकदा तिने स्वतःहून म्हटलं, "अहो, एकदा रक्त तपासून घेऊ का?" प्रवेश परीक्षा महिन्यावर आली होती. मी म्हटलं, "परीक्षा होऊन जाऊ दे." परीक्षा झाली, नवी बॅच सुरू झाली. तिने पुन्हा विचारलं नाही, मीही नाही.

मग एका सकाळी तिला धाप लागली ती थांबेना. हॉस्पिटलमध्ये नर्सने तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं चिमट्यासारखं यंत्र लावलं, काढलं, पुन्हा लावलं आणि म्हणाली, "आंटी, ये पॉलिश निकालना पड़ेगा, मशीन पकड़ नहीं रही."

"एकच बोट करा ना," बायको म्हणाली. मराठीतच म्हणाली, नर्सला कळलं नाही. नर्सने एका बोटाचं पुसलं, कापूस आणि बाटली माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या पेशंटकडे गेली.

ते एक नख मी पाहिलं. मुळाकडचा अर्धा भाग पांढरा, टोकाकडचा अर्धा तपकिरी, मधे आखल्यासारखी सीमा. मग मी बाकीची नऊ बोटं पुसली. सगळी तशीच. अशा नखांचा फोटो माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात नखं अशी अर्धी-अर्धी होऊ शकतात. दोनच महिन्यांपूर्वी मी तो फोटो वर्गात दाखवला होता आणि वर म्हटलं होतं, "परीक्षेत विचारणार नाहीत, पण डॉक्टर व्हायचंय ना? मग माणसाचा हात हातात घेऊन बघायला शिका."

तिने हात चादरीखाली ओढून घेतले. "घाण दिसत होती," ती म्हणाली, "म्हणून लावत होते."

डॉक्टर आले. रिपोर्ट पाहून त्यांनी विचारलं, "घर पर कुछ लेती थीं? कोई पावडर, कोई देसी दवा?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "नहीं डॉक्टर साहब. घर का सादा खाना." डॉक्टरांनी लिहून घेतलं. तिने नजर छताकडे वळवली. ती एक शब्द बोलली नाही, तेव्हा नाही आणि नंतरही कधी नाही. माझी लाज तिने सांभाळली.

रात्रीतून निघून मुलगी पुण्याहून आली. ती तिथे नोकरी करते. आल्या आल्या तिने विचारलं, "बाबा, डॉक्टरांना सगळं सांगितलंस ना?"

"सगळं," मी म्हटलं.

त्या सकाळी कपडे आणायला घरी गेलो तेव्हा पावडरचा डबा ओट्यावर होता. कचऱ्याची गाडी खाली आलेली. मी डबा घेऊन धावत गेलो आणि सुक्या कचऱ्याच्या कप्प्यात टाकला. गाडीवाल्याने तो बाहेर काढून हलवून पाहिला.

"साहब, ये तो आधा भरा है. पावडर गीले में, डब्बा सूखे में."

गल्लीतली चार माणसं बादल्या घेऊन उभी होती. मी झाकण उघडून डबा उपडा केला. पावडर भाज्यांच्या सालांवर पडली आणि चॉकलेटचा वास सगळीकडे पसरला. "भाभीजी कैसी हैं?" गाडीवाल्याने विचारलं. मी ठीक म्हटलं आणि रिकामा डबा त्याच्या हातात दिला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना त्यांच्या खोलीबाहेर एकटं गाठून मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पहले दिन बता देते. बीमारी बरसों पुरानी है, पावडर से नहीं हुई. पर इस हालत में लेना नहीं चाहिए था." किती नुकसान झालं असेल, मी विचारलं. त्यांनी मान हलवली. ते कोणी सांगू शकत नाही, म्हणाले. त्यांच्या त्या 'पर' शब्दापाशी मी अजून उभा आहे.

पुढे सात महिने डायलिसिस. आठवड्यातून दोनदा मी तिला घेऊन जायचो, चार तास बाहेर बाकावर बसायचो. तास बदलून घेतले, बॅच सोडली. तिची नखं मीच कापायचो. गॅलरीत उजेडात बसून, एकेक बोट धरून. कापलेले तुकडे ती माझ्या तळहातावरून उचलून घ्यायची. काय करते ते मी विचारलं नाही. मग ती गेली.

तेराव्याला सगळे जमले होते. माझी मुलगी तिच्या मावशीला सांगत होती, "बाबाने आईचं जेवढं केलं ना, तेवढं कोणी करणार नाही." मेहुणीने डोळे पुसत माझ्याकडे हात जोडले. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, दुःखाने.

त्यानंतरचे माझे दिवस सांगण्यासारखे नाहीत. पहाटे उठतो, दूध तापवतो, स्टुलावर बसतो. समोर कोणी नसतं. पोहे एका माणसाचे करता येत नाहीत, जास्तच होतात. कोचिंगहून परतताना भंवरकुआंच्या चौकात शेकडो मुलं असतात, कोणी ना कोणी "नमस्ते सर" म्हणतं, आणि त्यानंतर सकाळपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नाही. मुलीचा फोन रविवारी दुपारी येतो. त्या फोनसाठी मी शनिवारपासून काहीतरी बोलण्याजोगं शोधून ठेवतो.

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, माझी नखं फार तुटतायत रे. केसही गळतायत. आईला तू ती पावडर द्यायचास ना, चॉकलेटवाली? नाव काय होतं तिचं?"

"आठवत नाही," मी म्हटलं.

"असं कसं आठवत नाही? दीड वर्षं देत होतास."

"अगं, किती गोष्टी लक्षात ठेवू?" मी विषय बदलून तिच्या ऑफिसचं विचारलं.  तासाभराने तिचा मेसेज आला. मैत्रिणीला विचारून तिने कुठलीतरी मागवली होती. उद्या डबा येणार होता.

आजवर माझ्या गप्प बसण्याने फक्त मी वाचत होतो. आता तिच्या हातात डबा पडणार होता. तिला काही झालं नसेल, हे मला कळत होतं. तरुण मुलगी, बाहेरचं खाणं, झोप नाही, नखं तुटणारच. पण तिच्या आईच्या वेळीही मला असंच सगळं कळत होतं. मी फोन लावला.

"ती पावडर घेऊ नकोस," मी म्हटलं. "आधी रक्त तपासून घे. किडनीचं सगळं. उद्याच."

"बाबा, घाबरवू नकोस हं. काय झालं?"

मग मी सांगितलं. साखरपुड्यात तिच्या आईचा हात वर धरला होता तिथपासून. रक्त तपासू का विचारलं तेव्हा परीक्षेचं कारण दिलं ते. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नाही म्हटलं ते. ती आली तेव्हा सगळं सांगितलं म्हणालो तेही खोटं होतं ते. डबा गाडीत उपडा केला ते. डॉक्टर नंतर काय म्हणाले ते मी शेवटी सांगितलं, कारण ते आधी सांगितलं असतं तर ते माझी बाजू मांडल्यासारखं झालं असतं.



"तिला चव आवडत नव्हती," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"नाही, तुला नाही माहीत. मी सुट्टीत आले होते तेव्हा तिला म्हटलं होतं, बेसिनमध्ये ओत ना, बाबाला काय कळतंय. तर म्हणाली, ओतलं असतं गं, पण ते समोर बसलेले असतात. दिवसातून तेवढी दहा मिनिटं तरी बसतात."

मी फोन कानाला धरूनच स्वयंपाकघरात गेलो आणि स्टुलावर बसलो.

"मी नंतर बोलते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढचा रविवार आला, फोन आला नाही. मी लावला, तिने घेतला नाही. बरोबर होतं तिचं. मी दोन वर्षं घेतली होती, तिला आठवडा तरी हवाच होता.

त्याच दिवसांत प्रथिनांचा धडा आला; मी बॅच सोडल्यापासून तो दुसऱ्या सरांकडे होता, यंदा परत माझ्याकडे आला. आदल्या संध्याकाळी सवयीने मी स्वयंपाकघरातल्या फळीवर काडेपेटी शोधली. गॅसशेजारची एक पेटी हलवल्यावर काड्यांसारखी वाजली नाही. उघडली. आत नखं होती. स्वच्छ, धुतलेली, एकावरही पॉलिशचा कण नाही. पूर्ण भरलेली पेटी. सात महिने माझ्या तळहातावरून उचललेले तुकडे ती तिथे साठवत होती, माझ्या वर्गासाठी. पुढच्या वेळी साफ करून देईन, म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी काही जाळलं नाही. केरॅटिन शिकवलं, गंधकाचे पूल काढले. नख म्हणजे प्रोटीन हे वाक्य लिहिलं आणि त्याखाली रेघा ओढताना हात थांबला. मग मुलांकडे वळून सांगितलं की हे वाक्य खरं आहे, पण यावरून कोणाला औषध देऊ नका. नख पांढरं का झालं याची उत्तरं दहा असतात, आणि ती फळ्यावर नसतात. पहिल्या बाकावरच्या मुलीने ते वहीत उतरवून घेतलं. मागून कोणीतरी विचारलं, "सर, सीनियर बोले थे आप नाखून जलाते हो?"

"अब नहीं," मी म्हटलं.

त्या फोननंतरच्या बाराव्या दिवशी मुलीचा मेसेज आला. आधी रिपोर्टचा फोटो. मी प्रत्येक ओळ दोनदा वाचली, सगळं जागच्या जागी होतं. फक्त रक्त थोडं कमी. खाली आणखी एक फोटो. तिचे दोन्ही हात, टेबलावर पसरलेले, नखांना काही लावलेलं नव्हतं. सोबत एकही शब्द नाही.

मी चष्मा पुसून फोटो मोठा केला आणि दहाही नखं एकेक करून पाहिली. गुलाबी होती. दोन टोकाला तुटलेली. आकार आईसारखा, रुंद. लोहाबद्दल, पालेभाज्यांबद्दल मी मोठा मेसेज लिहिला, मग पुसला आणि लिहिलं, "पाहिली. डॉक्टरांना दाखव, माझं ऐकू नकोस."

थोड्या वेळाने उत्तर आलं. "आई तुला नखं द्यायची ना वर्गासाठी. शेवटची काही आहेत का?"

"आहेत. पेटीभर."

"जाळू नकोस. मी दिवाळीत येतेय."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. पेटी गॅसशेजारीच होती, तिथे दुसऱ्या दोन काडेपेट्याही होत्या. घाईत चुकून उघडली जाईल म्हणून ती उचलली आणि बायकोच्या कपाटात, मरून नेलपॉलिशच्या अर्ध्या बाटलीशेजारी ठेवली. दिवाळीला अजून दोन महिने आहेत.